आरसीसीबी सारखा पडतो, म्हणून काढून टाकायचा का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं उत्तर इतर वाचणाऱ्यांनाही लागेल. तुमचे आई-वडील रत्नागिरीजवळच्या गावी दोघंच राहतात. घर १९८८ सालचं, जांभ्याचं, वर कौलं, मागच्या बाजूला नंतर बांधलेली स्लॅबची न्हाणी. गेल्या दिवाळीत तुम्ही जुना किटकॅट फ्यूजचा लाकडी बोर्ड काढून नवा डीबी (घरभर वीज वाटणारी स्विचांची पेटी) बसवून घेतला. त्यात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे कुठे करंट गळला तर लाईट तोडणारा स्विच, आहे. उन्हाळाभर तो एकदाही पडला नाही. पाऊस लागल्यापासून आठवड्यातून तीन-चार रात्री पडतो आणि इस्त्री लावली की हमखास पडतो. दोन दारांच्या फ्रीजच्या हँडलला झिणझिण्या येतात. आई म्हणतात, न्हाणीतल्या गीझरला जोडलेल्या नळालाही जरासा करंट लागतो. गावातल्या वायरमनचं म्हणणं असं, की आरसीसीबी फार सेन्सिटिव्ह आहे, तो काढून डायरेक्ट करू, नाहीतर ३०० चा टाकू.

दोन्हीपैकी काहीच करू नका. आणि हे उत्तर पुढे वाचण्याआधी घरी फोन करून गीझरचा स्विच बंद करायला सांगा. मग रबरी चप्पल घालून, कोरड्या हातांनी प्लग उपसून ठेवायला सांगा. प्लग नसेल, वायर थेट स्विचमध्ये गेलेली असेल, तर डीबीतला गीझरचा एमसीबी (करंट फार वाढला तर पडणारा छोटा स्विच) खाली पाडून त्यावर चिकटपट्टी लावायला सांगा. दोष सापडेपर्यंत न्हाणीतला बंब किंवा चुलीवरचा हंडा वापरू दे. नळाला करंट लागणं ही चार दिवस थांबण्यासारखी तक्रार नाही. बादलीत बुडवायचा हीटरचा रॉडही या काळात बाहेर काढू नका, तो गीझरपेक्षा जास्त धोक्याचा.

मी आयटीआयमधून वायरमनचा कोर्स करून बाहेर पडलो त्याला तीस वर्षं होऊन गेली. ही सगळी वर्षं कोकणातल्या घरांमध्येच काम केलं. ‘पावसात आरसीसीबी पडतो’ ही तक्रार दर जूनमध्ये येते. आजवर जितक्या घरांत ती नीट तपासली, त्यांतल्या फारच थोड्या घरांत आरसीसीबी स्वतः खराब निघाला. बाकी सगळीकडे तो खरं बोलत होता.

तो नेमकं काय करतो ते समजून घ्या, म्हणजे वायरमनशी बोलणं सोपं जाईल. फेजने जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलने परत यायला हवा. आरसीसीबीच्या आत एका कड्यातून या दोन्ही वायरी जातात आणि तो जाणारा-येणारा हिशेब सतत जुळवत असतो. फरक पडला, म्हणजे थोडा करंट तिसऱ्याच वाटेने निघाला: भिंतीतून, फ्रीजच्या पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून. हा फरक १५ ते ३० मिलिॲम्पिअरच्या मध्ये कुठेतरी पोहोचला की तो सेकंदाच्या अंशात लाईट तोडतो. ३० हा आकडा उगाच ठरवलेला नाही. एक मिलिॲम्पिअरच्या आसपास झिणझिणी कळते. दहाच्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू हातातून सुटत नाही. तिसाच्या पुढे करंट काही वेळ वाहत राहिला तर श्वास आणि हृदय धोक्यात येतं. ओल्या अंगाच्या माणसाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या घरात धरा. २३० भागिले हजार, म्हणजे २३० मिलिॲम्पिअर. ३०० चा आरसीसीबी इतक्यालाही पडेलच असं नाही. तो आग लागू नये म्हणून मोठ्या इमारतींच्या मेनवर लावतात. माणूस वाचवायला तो उपयोगाचा नाही.

‘एमसीबी आहे की, मग आणखी कशाला?’ असं बरेच जण विचारतात. एमसीबी वायरीला जपतो. त्याला मोठा करंट लागतो, आणि कोकणात तेवढा करंट अर्थिंगमधून, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या वाटेने, वाहतच नाही. कारण आपली जमीन. दोन-तीन फूट खणलं की कातळ लागतो. मग वायरमन अर्थिंगचा पाईप अर्धा कापतो, आडवा पुरतो, वर माती लोटतो. अशा अर्थिंगचा रेझिस्टन्स पावसात वीस ओहम आणि मे महिन्यात शंभराच्या वर निघालेला मी मोजला आहे. आता गीझरमध्ये फेज थेट बॉडीला टेकली असं समजा. २३० भागिले वीस, म्हणजे साडेअकरा ॲम्पिअर. सोळाचा एमसीबी एवढ्याला हलणारसुद्धा नाही. गीझरची बॉडी, तिला जोडलेला नळ आणि त्याच अर्थ वायरीवरचा फ्रीज, सगळं जिवंत राहील आणि घरातल्या कुणाला कळणार नाही. जिथे अर्थिंग चांगलं मिळणं कठीण, तिथे आरसीसीबीची गरज शहरातल्या फ्लॅटपेक्षा जास्त असते. म्हणून तुमच्या घरात तो राहिलाच पाहिजे.

आता तुमच्या तक्रारी एकेक घेतो. इस्त्रीपासून सुरू करतो, कारण बहुतेक घरांत इथेच फसगत होते. लोक इस्त्री दुरुस्तीला देतात, दुकानदार ती तपासून ठीक आहे म्हणून परत देतो, घरी लावली की पुन्हा तेच.

साधी १००० वॅटची इस्त्री सव्वाचार-साडेचार ॲम्पिअर घेते. इतका करंट न्यूट्रलमधून परत जाताना त्या वायरीवर थोडा व्होल्टेज चढतो, एखादा व्होल्ट, कधी दोन. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण घरात कुठेतरी न्यूट्रलची वायर अर्थच्या वायरीला किंवा ओल्या भिंतीला टेकलेली असेल, तर परत जाणाऱ्या करंटला दोन वाटा मिळतात. त्यातला शंभरावा हिस्सा जरी अर्थच्या वाटेने गेला, तरी तो चाळीसेक मिलिॲम्पिअर होतो, आणि आरसीसीबी पडतो. दोष कदाचित अंगणातल्या दिव्याच्या पेटीत असतो, आणि बदनाम होते इस्त्री.

उन्हाळ्यात हे का झालं नाही, तेही यातच आहे. न्यूट्रलवर एक व्होल्ट आणि सुकलेल्या अर्थिंगचा रेझिस्टन्स शंभर ओहम, तर दहाच मिलिॲम्पिअर त्या वाटेने जातात. त्याने आरसीसीबी पडत नाही. पावसात तोच रेझिस्टन्स वीसवर आला की पन्नास मिलिॲम्पिअर होतात. दोष दिवाळीपासून तिथेच होता. पावसाने तो उघड केला.

पडताळून पाहायला सोपं आहे. इस्त्री बाजूला ठेवा. तितकाच लोड घेणारी दुसरी वस्तू, म्हणजे विजेची शेगडी किंवा टोस्टर, दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर लावून बघा. तरीही पडला तर इस्त्री निर्दोष, आणि न्यूट्रल-अर्थचा दोष शोधायचा. दुसऱ्या वस्तूवर पडला नाही, तर मात्र इस्त्रीतच करंटचं लीकेज असण्याची शक्यता मोठी. वाफेच्या इस्त्रीत टाकीतलं पाणी झिरपून हे होतं.

रात्री पडण्यामागे मला दोन कारणं दिसतात. एक म्हणजे रात्रभर जळणारा बाहेरचा दिवा. पडवीतला, अंगणातला, फाटकावरचा, जो असेल तो. त्याच्या होल्डरमध्ये आणि जंक्शन बॉक्समध्ये पाणी जातं. बॉक्सचं तोंड वरच्या बाजूला ठेवलेलं असतं, पाईप वरून उतरून थेट बॉक्समध्ये शिरतो, आणि पाऊस पाईपाच्या आतून वाहत जोडापर्यंत पोहोचतो. पाईप नेहमी खालून आत यावा. वरून आणावाच लागला तर आधी खाली वाकवून मग वर न्यावा, म्हणजे पाणी वाकणातच गळून पडतं. बाहेरच्या बेलचं बटणही बघायला सांगा, ते कुणाच्या लक्षातच राहत नाही.

दुसरा संशय फ्रीजवर. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ वितळवायला एक हीटर असतो. तो सतत चालत नाही, काही तासांनी एकदा, थोड्या वेळापुरता चालू होतो. जुन्या फ्रीजमध्ये हे टायमरवर चालतं, नव्यांत सर्किट ठरवतं. त्या हीटरवर वितळलेलं पाणी ठिबकत राहतं आणि वर्षांनी त्याचं किंवा त्याच्या वायरींच्या जोडाचं इन्सुलेशन जातं. मग फ्रीज दिवसभर नीट चालतो आणि हीटर लागायच्या क्षणी आरसीसीबी पडतो. ‘रात्री बारानंतरच पडतो’ म्हणून एका घरात तीन वायरमन येऊन गेले होते. मी त्या घरातल्या बाबांना वहीत पडण्याची वेळ लिहायला सांगितली. आठवड्याभरात अंतर जवळजवळ ठराविक निघालं, आणि फ्रीजचा प्लग काढून शेजारच्या फ्रीजमध्ये दूध ठेवलं त्या रात्री काही झालं नाही. तुमच्याकडेही वही ठेवा. वेळ, पाऊस होता का, काय चालू होतं, एवढंच लिहा. मेकॅनिकला ती वही दाखवलीत तर त्याचा अर्धा दिवस वाचेल.

विजा कडाडत असताना पडला तर ती वेगळी गोष्ट, त्या एकट्या प्रसंगावरून काही ठरवू नका.

फ्रीजच्या झिणझिण्यांबद्दल लोकांचा गोंधळ होतो, कारण टेस्टर लावला की दिवा लागतो आणि सगळे घाबरतात. टेस्टरचा निऑन अगदी नगण्य करंटवरही पेटतो, त्यामुळे दोष मोठा की छोटा हे तो सांगत नाही. फिल्टरचं सर्किट असलेल्या वस्तूंमध्ये, म्हणजे इन्व्हर्टर फ्रीज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर यांत, फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीकडे जाणारे छोटे कपॅसिटर मुद्दाम ठेवलेले असतात. त्यांतून अर्धा-एक मिलिॲम्पिअर अर्थला जाणं अपेक्षितच असतं. अर्थ जोडलेला असेल तर तो निमूट निघून जातो. अर्थ तुटलेला असेल तर बॉडीवर साधारण निम्मा व्होल्टेज, ११५ च्या आसपास, उभा राहतो आणि हात लावला की मुंग्या येतात. म्हणजे झिणझिण्या आल्या याचा पहिला अर्थ: या सॉकेटला अर्थ पोहोचत नाही. फ्रीज चांगला की वाईट, हे त्यानंतर ठरवायचं.

अर्थ कुठे तुटतो? बहुतेक वेळा अगदी शेवटच्या वीतभरात. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचं कन्व्हर्टर लावलेलं असतं. किंवा सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला आतून वायरच लावलेली नसते. तीन पिनांतली मोठी पिन लांब केलेली असते ती एका कारणासाठी: प्लग घालताना अर्थ सगळ्यांत आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावा. ती पिन कापलेलं किंवा मोडलेलं काही घरात असेल तर आजच फेकून द्या. मल्टिमीटर असेल तर फ्रीजचा प्लग काढून, मोठी पिन आणि फ्रीजचा उघडा स्क्रू यांच्यातला रेझिस्टन्स बघा. एक ओहमच्या आत आला पाहिजे. तो आला तर फ्रीजकडची बाजू बरोबर, भिंतीकडची बघायची.

आता नळ. इथे थोडं सावकाश वाचा, कारण गीझरचा प्लग काढल्यावर करंट लागायचा थांबला तरी गीझरच दोषी असं ठरत नाही. पहिली शक्यता अशी, की गीझरच्या एलिमेंटमध्ये लीकेज आहे आणि गीझरला अर्थ नाही. लीकेजला जायला वाट नाही, म्हणून आरसीसीबीला फरक दिसत नाही, आणि आईंचा हात नळाला लागतो तेव्हाच तो करंट वाहतो. म्हणजे आरसीसीबी चालू आणि नळाला झिणझिण्या, हे एकत्र दिसलं की अर्थ गेला असं समजायचं. दुसरी शक्यता उलटी आहे. गीझरला अर्थ आहे, पण मुख्य अर्थिंगच कुचकामी आहे. फ्रीजचं लीकेज अर्थच्या वायरीवर येतं, जमिनीत जात नाही, आणि त्याच वायरीने न्हाणीत येऊन गीझरच्या पत्र्यावरून नळाला पोहोचतं. गीझरचा प्लग काढला की त्याचा अर्थही सुटतो, म्हणून दोन्ही वेळा करंट थांबतो. यातली खरी कोणती, हे मीटरनेच ठरवायचं. आईंना हात लावून बघायला चुकूनही सांगू नका.

एलिमेंट कसा जातो तेही सांगतो, कारण कोकणात बोअरवेलच्या पाण्यावर चालणारे गीझर याच दोषाने जातात. एलिमेंट म्हणजे धातूची नळी, मधोमध तापणारी तार, आणि दोघांच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासलेली. ही पूड उष्णता सोडते आणि वीज अडवते. पण तिला ओल सोसत नाही. जड पाण्याचा क्षार नळीवर चढतो, नळी जागोजागी जास्त तापते, तिला सुईएवढी भोकं पडतात आणि पाणी पुडीपर्यंत पोहोचतं. पाणी तरीही गरम होत राहतं. म्हणून घरच्यांना वाटतं गीझर छान चालला आहे. टाकीत एक मॅग्नेशियमचा दांडा असतो, तो टाकीऐवजी स्वतः झिजायला ठेवलेला. जड पाण्यावर तो दीड-दोन वर्षांत संपलेला मी पाहतो. सर्व्हिसिंगला येणाऱ्या माणसाला तो बाहेर काढून दाखवायला सांगा. तारेएवढा उरला असेल तर बदला.

एलिमेंट तपासायला मल्टिमीटर पुरत नाही. तो बॅटरीच्या चार-दोन व्होल्टवर मोजतो आणि तिथे कमकुवत इन्सुलेशनही चांगलंच दिसतं. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लागतो. गीझरच्या दोन्ही वायरी सोडवून एलिमेंटची पिन आणि बॉडी यांच्यात मोजायचं. एक मेगओहमच्या खाली आलं तर एलिमेंट बदला. तो साफ करून परत बसवू नका, भोक साफ करून बुजत नाही. एलिमेंटबरोबर त्याचा रबरी गॅस्केटही नवा घाला. आणि गीझर उघडलाच आहे तर थर्मोस्टॅट, वेगळा असलेला थर्मल कटआउट आणि प्रेशरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बघून घ्या. व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून कुणी त्याचं तोंड बंद केलेलं असेल तर ते आधी उघडा.

शोध घ्यायची रीत आता सांगतो. पहिला भाग बाबा करू शकतील. आरसीसीबी पडला आणि वर राहत नसेल, तर घरातले सगळे प्लग काढायचे. स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. प्लग हाताने बाहेर आला पाहिजे. मग आरसीसीबी वर करायचा. राहिला, तर दोष बहुधा कुठल्यातरी वस्तूत (इस्त्रीच्या बाबतीत सांगितलेला न्यूट्रल-अर्थचा दोष मात्र लोड लावल्यावरच दिसतो). एकेक प्लग परत घालत जायचं. ज्याने पडला तो बाजूला ठेवायचा. सगळे प्लग बाहेर असतानाही राहिला नाही, तर दोष वायरिंगमध्ये, आणि इथे बाबांचं काम संपलं. डीबीचं झाकण त्यांनी उघडायचं नाही.

वायरमनने पुढे सगळे एमसीबी पाडून बघावेत. बऱ्याच डीबींमध्ये एमसीबी एकपोली असतात, ते न्यूट्रल तोडत नाहीत. म्हणून सगळे पाडूनही आरसीसीबी पडत राहिला तर लगेच ‘आरसीसीबी खराब’ असं म्हणू नये. आधी मेन बंद करून आरसीसीबीच्या बाहेर जाणाऱ्या दोन्ही वायरी सोडाव्यात. रिकाम्या आरसीसीबीला सप्लाय देऊन तो वर राहिला आणि टेस्टचं बटण दाबल्यावर पडला, तर आरसीसीबी शाबूत. मग पुन्हा सप्लाय बंद करून न्यूट्रल लिंकवरच्या (सगळे न्यूट्रल जिथे जोडतात त्या पट्टीवरच्या) वायरी एकेक सोडून प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल-अर्थ मेगर करावा. याला तास-दीड तास लागतो, आणि वायरमन नेमकं हेच टाळतात, म्हणून ‘काढून डायरेक्ट करू’ येतं. त्याला या दीड तासाचे पैसे वेगळे देऊ असं आधीच सांगा. मी हे मनापासून सांगतो आहे: दोष शोधण्याची मजुरी लोक द्यायला तयार नसतात, फक्त वस्तू बदलल्याची देतात, आणि मग वस्तू बदलली जाते, दोष तसाच राहतो.

टेस्टच्या बटणाबद्दल एक गैरसमज आहे. ते दाबून आरसीसीबी पडला म्हणजे त्याची आतली यंत्रणा चालते, एवढंच कळतं. अर्थिंग चांगलं आहे असं त्यावरून कळत नाही, कारण ते बटण अर्थ वापरतच नाही. तरी महिन्यातून एकदा दाबत जा.

दिवाळीत इन्व्हर्टरही बसवला असेल तर तिथे नक्की बघा. इन्व्हर्टरचे दिवे-पंखे नव्या फेजवर घेतात आणि न्यूट्रल जुनाच, दुसऱ्या सर्किटचा, उसना वापरतात. आरसीसीबीतून गेलेल्या फेजचा करंट आरसीसीबीच्या आधीच्या न्यूट्रलवर परत गेला, किंवा उलटं झालं, की हिशेब बिघडतो आणि तो पडतो. हा दोष शोधताना दोन दिवस जातात.

वायरमन उद्या आणखी एक उपाय सुचवेल म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. ‘अर्थिंग नाही ना, मग सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल जोडून देतो, झिणझिण्या बंद.’ झिणझिण्या खरोखर बंद होतात. मीही शिकाऊ असताना उस्तादांच्या हाताखाली हे केलं आहे. पुढे एका घरात, जिथे दुसऱ्या कुणीतरी असंच जोडून ठेवलं होतं, मला रात्री बोलावलं. खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरचा न्यूट्रलचा जोड वाऱ्यापावसात जळून सुटला होता. दिवे गेले होते, म्हणून घरातल्यांना वाटलं लाईट गेली. पण फेज येतच होती. पंख्या-बल्बांतून फिरून ती न्यूट्रलच्या वायरीवर, आणि त्या जोडामुळे फ्रीज आणि मिक्सरच्या बॉडीवर उभी होती. आजी अंधारात फ्रीज उघडायला गेल्या आणि मागे फेकल्या गेल्या. पायात रबरी चप्पल होती आणि जमीन कोरडी होती, म्हणून वाचल्या. त्या घरात आरसीसीबी नव्हता. त्या रात्री मी सगळे सॉकेट उघडून ते जोड तोडले, आणि पुढच्या महिनाभरात माझ्या हातच्या जुन्या कामांतले आठवतील तेवढे शोधून काढले.

अर्थिंग नव्याने करावंच लागेल असं मला वाटतं. कातळावर ते कुठे करावं हे जुन्या लोकांना बरोबर ठाऊक होतं: न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे, अळूच्या नाहीतर केळीच्या आळ्याजवळ. तिथे माती खोल असते आणि बारा महिने ओल राहते. अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप उभा गेला तर उत्तम. कातळ लागला तर कापून आडवा घालू नका. बोअरच्या छोट्या मशिनने भोक पाडून घ्या, किंवा माती मिळेल तिथे दोन-तीन इलेक्ट्रोड (अर्थिंगचे पाईप किंवा सळ्या) एकमेकांपासून किमान अडीच-तीन मीटर लांब ठोकून आठ नंबरच्या जीआय तारेने जोडून घ्या. मीठ-कोळसा घालायची पद्धत आहे. पण मीठ पाईप खातं, आणि पिण्याच्या विहिरीजवळ तर ते टाकूच नये. त्याऐवजी ओल धरून ठेवणारी बेन्टोनाइटची माती भरलेली बरी. तार आणि पाईप यांचा नटबोल्टचा जोड मातीत गाडू नका. वर छोटी चौकोनी कुंडी बांधून झाकण ठेवा, कारण दहांतली आठ अर्थिंग याच गंजलेल्या बोल्टवर मेलेली असतात. नळाच्या पाईपाला किंवा बोअरच्या केसिंगला अर्थ जोडू नका. कधीतरी मध्ये पीव्हीसीचा तुकडा येतो आणि उरलेला लोखंडी नळ करंट घेऊन बसतो.

अर्थिंग झाल्यावर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज घरात लोड असताना मोजा. दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. आकडा फार मोठा आला तर अर्थ किंवा न्यूट्रल, दोघांतलं एक सैल आहे.

१९८८ च्या वायरिंगबद्दल थोडंच सांगतो. लाकडी पट्टीवरची तीन-बावीस किंवा एक-अठराची (ही वायरीची जुनी मापं) वायर असेल, तर तिचं प्लॅस्टिक आता कडक होऊन तडकलं असेल. माळ्यावर उंदरांनी कुरतडलेली असेल ती वेगळीच. दिव्या-पंख्यांची तूर्त राहू दे, पण गीझर आणि फ्रीजच्या लाइनी नव्या ओढा. गीझरला ४ स्क्वेअर एमएम तांब्याची, स्वयंपाकघरातल्या पॉवर सॉकेटना २.५ ची, दिव्यांना १.५ ची, आणि प्रत्येकीबरोबर हिरवी अर्थ वायर. जुनी वायर ॲल्युमिनियमची निघाली तर तिला तांब्याचा पीळ मारून जोडू नका. तो जोड हवेतल्या ओलीने वर्षभरात काळा पडतो आणि तापतो. जुने लाकडी बोर्डही पावसात ओल ओढतात. पाठीमागे स्क्रूंच्या मधोमध बुरशीची रेघ दिसली, की तिथूनच लीकेज चाललेलं असतं.

डीबीत जागा असेल तर एकाऐवजी दोन आरसीसीबी घ्या. एकावर न्हाणी, बाहेरचे दिवे आणि पंप, दुसऱ्यावर घरातले दिवे आणि फ्रीज. अंगणातल्या दिव्यात पाणी गेलं म्हणून आई-वडील रात्रभर काळोखात बसणार नाहीत. दोन्ही ३० मिलिॲम्पिअरचेच, आणि इन्व्हर्टर फ्रीज किंवा वॉशिंग मशीन असल्यास ‘ए’ टाइपचे मागा. साधा ‘एसी’ टाइप अशा वस्तूंतलं काही प्रकारचं लीकेज ओळखत नाही.

वायरमन येईल तेव्हा त्याच्याकडे परवाना आणि मेगर दोन्ही आहेत ना, एवढं फोनवर आधी विचारा. मेगर नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला बोलवा. काम झालं की प्रत्येक सर्किटचा मेगरचा आकडा, अर्थिंगचा ओहम आणि तारीख एका कागदावर लिहून डीबीच्या दाराच्या आतून चिकटवायला सांगा. ते आकडे मला कळवलेत तर पुढचं सांगता येईल. आणि अर्थिंगचा आकडा येत्या मे महिन्यात, जमीन पूर्ण सुकलेली असताना, पुन्हा एकदा घ्या.